जुन्या डिजिटल कॅमेऱ्याला रात्री दिसायला लावणे: फिल्टर काढल्यावर त्या जागी काय बसवायचं?

रातवा
घरोघरी कपाटात २००५ ते २०१० सालातला एखादा छोटा डिजिटल कॅमेरा पडून असतो. सात-आठ मेगापिक्सेल, दोन पेन्सिल सेल, सीसीडी सेन्सर (प्रकाशाचं चित्र करणारी चिप). मोबाइल आल्यापासून दिवसा त्याला कोणी विचारत नाही, पण रात्रीच्या इन्फ्रारेड कामाला तो आजही फार चांगला आहे. सिलिकॉन सेन्सरला साधारण ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश कळतो, आपल्या डोळ्यांचं काम ७०० च्या आसपास संपतं. मधला पट्टा (इन्फ्रारेड) कॅमेऱ्यात एक छोटी काच, म्हणजे फिल्टर, लावून मुद्दाम अडवलेला असतो, नाहीतर दिवसाचे रंग बिघडतील. ती काच काढली आणि बाहेरून ८५० किंवा ९४० नॅनोमीटरच्या एलईडीचा उजेड टाकला, की डोळ्यांना मिट्ट काळोख असलेलं परसदार स्क्रीनवर स्वच्छ दिसतं.

काच काढण्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. 'जागा मोकळी सोडा, ऑटोफोकस सांभाळून घेईल' असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. परसात येणारं उदमांजर किंवा खांबावर बसणारा पिंगळा टिपायचा तर अंतर ३ ते ८ मीटर असतं, आणि नेमका तिथेच फोकस हुकतो. तेवढ्याच जाडीची साधी काच बसवावी असं माझं मत आहे. कुठली काच, जाडी किती नेमकी हवी, आणि एरवी हे काम कुठे अडतं, हे जाणकारांनी लिहावं.

सोल्डरवाला
काचेच्या आधी फ्लॅशचं बोलू, कारण जिवाला धोका तिथे आहे. फ्लॅशचा कपॅसिटर म्हणजे करंगळीच्या पेराएवढी काळी नळकांडी, अंगावर ३००, ३१५ किंवा ३३० व्होल्ट छापलेलं. क्षमता बहुतेक ८० ते १६० मायक्रोफॅरॅड. १२० धरले तर ३०० व्होल्टला पाच ज्यूलच्या वर ऊर्जा साठते. मेनूत फ्लॅश बंद असला, सेल काढून ठेवले, तरी आधीचा चार्ज कित्येक दिवस टिकू शकतो. बहुतेक मॉडेलमध्ये हा कपॅसिटर पकडीच्या बाजूला, सेलच्या कप्प्याशेजारी असतो. म्हणजे कव्हर काढताना बोट पहिलं तिथेच पडतं.

सेल काढा. कव्हर सैल झालं की बोटं आत न घालता दोन्ही पायांवर २.२ किलोओहम, ५ वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर धरा. रेझिस्टरच्या टोकांना इन्सुलेशनवाल्या तारा जोडलेल्या हव्यात. दीड सेकंदात काम होतं, तरी दहा सेकंद धरून ठेवा. मग मल्टिमीटर डीसी ६०० किंवा १००० व्होल्टवर लावून तपासा. ५ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाच मिनिटांनी परत मोजा, कारण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर रिकामा केल्यावर थोडा व्होल्टेज आपोआप परत वर येतो. शेवटी पायांवर कॅप्टॉन टेप (वीजरोधक टेप) चिकटवा.

स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ठिणगी उडते, ट्रॅक जळतो, टोकाचे वितळलेले कण डोळ्यात जाऊ शकतात. आणि चाचणीसाठी सेल पुन्हा घातले की कपॅसिटर पुन्हा भरतो. हे सगळं प्रत्येक वेळी नव्याने करायचं.

पंचवीस_वॉट
रेझिस्टर नसेल तर १५ वॉटचा साधा फिलामेंट बल्ब होल्डरसकट चालेल का?

सोल्डरवाला
चालेल. एकदा लखकन पेटून विझतो. पण विझला म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला असं धरू नका, व्होल्टेज बराच उरलेला असतानाच फिलामेंट दिसेनासं होतं. मीटर लावाच. एलईडी बल्ब मात्र या कामाचा नाही.

तिसरं_भिंग
रातवा, तुमचं मत बरोबर आहे. आकडेमोड करून दाखवतो.

भिंगाच्या मागे, सेन्सरच्या पुढे काच असली की प्रतिमा मागे सरकते. किती? काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. फिल्टर १.२ मिमीचा असेल तर ०.४ मिमी. काच काढली की प्रतिमा तेवढीच पुढे, म्हणजे भिंगाकडे येते. आता या कॅमेऱ्यांचं वाइड टोकाचं (झूम न करता) खरं फोकल लेंग्थ ६ मिमीच्या आसपास असतं (डब्यावर ३५ मिमी लिहितात ते फिल्मच्या तुलनेतलं). सहाचा वर्ग ३६, भागिले ०.४, आले ९० मिमी. म्हणजे भिंग 'अनंत'च्या जागी असताना कॅमेऱ्याला स्पष्ट दिसणार ते नऊ-दहा सेंटीमीटरवरचं. झूमच्या टोकाला, समजा २३ मिमीला, हाच हिशेब सव्वा मीटरच्या थोडा पुढे येतो. आठ मीटरवरचा पिंगळा दोन्हीकडे धूसर. फिल्टर ०.३ मिमीचा असला तरी वाइडला फोकस साधारण ३६ सेंटीमीटरवरच अडकतो.

ऑटोफोकस का सांभाळून घेत नाही? मॅक्रोसाठी, म्हणजे अगदी जवळच्या फोटोसाठी, भिंग सेन्सरपासून दूर जातं, आणि त्या दिशेला त्याला भरपूर वाव दिलेला असतो. इथे त्याला सेन्सरच्या आणखी जवळ, अनंताच्याही पलीकडे जायला हवं. तिकडे कंपनीने जेमतेम किंचित जागा सोडलेली असते.

डेप्थ ऑफ फील्डही (फोकसच्या मागे-पुढे जेवढं स्पष्ट दिसतं तो पट्टा) वाचवत नाही. एफ २.८ ला सेन्सरजवळची सूट जेमतेम ०.०१४ मिमी आहे. छापायचा कागद ०.१ मिमी जाड असतो, यावरून अंदाज घ्या.

आळशी_घुबड
गणित मान्य, पण 'मोकळं सोडा' हा सल्ला सरसकट चूक म्हणता येणार नाही. पतंग, कोळी, बेडूक असं हातभर अंतरावरचं काम करायचं असेल तर मोकळी जागा चालते, काही वेळा तीच सोयीची. पतंगांना इन्फ्रारेड दिसत नाही, त्यामुळे ते दिव्याकडे ओढले जात नाहीत आणि फुलावर स्वस्थ बसलेले मिळतात. शिवाय काच कापायची कटकट नाही, दोन जादा पृष्ठभागांची धूळ नाही.

दुसरं असं की काही कॅमेऱ्यांत सेन्सरची प्लेट तीन स्क्रूंवर स्प्रिंग किंवा वॉशर घालून बसवलेली असते. १.४ मिमीच्या स्क्रूचा आटा ०.३ मिमी आणि १.६ मिमीच्या स्क्रूचा ०.३५ मिमी. एक फेरा आवळला की प्लेट तेवढी पुढे जाते. ०.४ मिमीची भरपाई सव्वा फेऱ्यात होते. काच लागतच नाही.

तिसरं_भिंग
प्लेट पुढे घेणं शक्य आहे, पण तिन्ही स्क्रू काटेकोर सारखे फिरले पाहिजेत. एक पाव फेरा कमी पडला तर त्या कोपऱ्यात ०.०७ मिमीचा फरक राहतो, आणि वर सांगितलेली सूट ०.०१४ आहे. फोटोची एक बाजू कायम पुसट येईल. कंपनीत हे स्क्रू कॅमेऱ्यागणिक जुळवून वर थेंबभर लाख किंवा गोंद लावलेला असतो. म्हणून प्लेट काढण्याआधी प्रत्येक स्क्रू पूर्ण आवळेपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवा, मग उलटा काढा. परत बसवताना आवळून तेवढेच फेरे मागे घ्या.

चिमटा
उघडण्याचा क्रम लिहितो, मॉडेलप्रमाणे थोडाफार फरक पडेल.

हत्यारं: पीएच०० आणि पीएच००० चे चांगल्या पोलादाचे स्क्रू ड्रायव्हर, प्लॅस्टिकची पातळ पट्टी, टोकदार चिमटा, रबरी ब्लोअर, जाडी मोजायचा व्हर्नियर, आयसोप्रोपाइल अल्कोहोल, लिंट न सुटणारं कापड. पंखा बंद, फरशी आणि टेबल ओल्या फडक्याने पुसलेलं.

कागदावर कॅमेऱ्याची बाह्याकृती काढा आणि दुतर्फी चिकटपट्टीवर प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवा. हे कंटाळवाणं वाटतं, पण या कॅमेऱ्यांत तीन-चार लांबीचे स्क्रू असतात आणि लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर थेट बोर्ड फोडतो. सेलच्या दाराआड आणि यूएसबीच्या रबरी झाकणाखाली हमखास एखादा लपलेला असतो. कव्हर जोर लावूनही सुटत नसेल तर स्क्रू राहिलाय असं समजा.

मागचं कव्हर निघालं की कपॅसिटर. मग स्क्रीन बाजूला करा, ती रिबनवर लोंबकळते. रिबनची कुलपं दोन प्रकारची: काही ठिकाणी काळी पट्टी नखाने वर उचलायची, काही ठिकाणी दोन्ही कानांना धरून बाहेर सरकवायची. कुठली आहे हे भिंगातून बघून ठरवा. उचलायची ती ओढली की तुटते, आणि मग ती रिबन पुन्हा धरत नाही.

भिंगाच्या नळीच्या पाठीला सेन्सरची धातूची प्लेट दिसेल, तीन स्क्रू. प्लेट उचलली की नळीच्या बाजूला किंवा सेन्सरवर मऊ रबरी चौकट, आणि तिच्यात चौकोनी काच. समोरून पाहिली तर फिकट निळसर-हिरवी, तिरकी धरली की गुलाबी-तांबूस चमक. हाच फिल्टर. खात्री करायची तर टीव्हीच्या रिमोटचा एलईडी मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात बघा आणि मध्ये ही काच धरा. ठिपका जवळजवळ नाहीसा झाला पाहिजे.

काच कडेने उचला, मधे टेकवू नका. सेन्सरच्या स्वतःच्या काचेला हात लावू नका, ती अल्कोहोलने चोळायची नसते. फुंकर तोंडाने मारायची नाही, थुंकीचे कण सुकून डाग पडतात. फिल्टर कागदी पुडीत, मॉडेलचं नाव लिहून जपून ठेवा. कॅमेरा पूर्ववत करायचा असेल तर तोच लागेल.

कुतूहल_कोथरूड
वाचनखूण साठवली. एक शंका: यातून अंधारातल्या माणसाच्या किंवा जनावराच्या अंगाची उष्णता दिसते का? भिंतीपलीकडचं दिसतं का?

तिसरं_भिंग
नाही. अंगाची उष्णता ८ ते १४ मायक्रॉनला असते, म्हणजे इथल्या पट्ट्याच्या दहापट लांब तरंगलांबीवर. सिलिकॉनला ती कळत नाही, आणि कॅमेऱ्याच्या काचेच्या भिंगातून ती आतही येत नाही. त्यासाठी थर्मल कॅमेरा वेगळा, त्याचं भिंग बहुधा जर्मेनियमचं. इथे आपण फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या रंगाची बॅटरी मारतो आहोत. बॅटरी नाही तर चित्र नाही.

दिवाभीत
बॅटरीचा विषय निघालाच आहे तर दिव्याबद्दल. फिल्टर काढला तरी निम्मं यश दिव्यावर आहे, आणि धाग्यावर त्याचं नाव उशिरा निघालं.

८५० की ९४०? ८५० ला सेन्सर जास्त चांगला बघतो. ९४० ला तेवढ्याच विजेत उजेड निम्मा किंवा त्याहून कमी वाटतो. पण ८५० चा एलईडी थेट पाहिला तर मंद लाल ठिपका दिसतो, ९४० चा अजिबात दिसत नाही. बुजऱ्या जनावरासाठी जवळून ९४०, बाकी सगळ्याला ८५०.

सर्किट साधं आहे. ५ मिमीच्या इन्फ्रारेड एलईडीवर सुमारे १.५ व्होल्ट पडतात. १२ व्होल्टवर सहा एका ओळीत: ९ व्होल्ट एलईडींवर, ३ व्होल्ट रेझिस्टरवर. ६८ ओहम, अर्धा वॉट लावला तर ४४ मिलिअँपियर जातात. अशा आठ ओळी समांतर केल्या की ४८ एलईडी आणि ३५० मिलिअँपियर. प्रत्येक ओळीला स्वतंत्र रेझिस्टर हवा. सगळ्यांना मिळून एकच लावला तर ज्या ओळीचा व्होल्टेज किंचित कमी ती जास्त करंट खाते, तापते, आणखी खाते आणि जळते.

१२ व्होल्टची लेड अ‍ॅसिड बॅटरी चार्जरवर १३.५ च्या वर जाते. तेव्हा हाच करंट ६५ च्या पुढे सरकतो. १०० मिलिअँपियर झेपणारे एलईडी असतील तर हरकत नाही, ५० चे असतील तर १०० ओहम लावा. लिथियमचे तीन सेल ओळीत घेतले तर १२.६ पासून ९ व्होल्टपर्यंत घसरतात आणि सहाची ओळ शेवटी मिणमिणते. तिथे चारची ओळ करून एलएम३१७ या रेग्युलेटर चिपने करंट बांधा: आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पायांमध्ये २७ ओहम, मिळतात ४६ मिलिअँपियर.

इतकं करायचं नसेल तर सीसीटीव्हीसाठीचे ४८ एलईडीचे तयार बोर्ड लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात. त्यावर मधे एलडीआर (उजेड ओळखणारा छोटा भाग) असतो, अंधार पडल्यावरच दिवे लागतात. दिवसा तपासताना त्यावर काळी टेप लावा, नाहीतर बोर्ड बिघडलाय असं वाटून परत कराल.

अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो. ४ मीटरला पुरणारा बोर्ड ८ मीटरला हवा तर चार बोर्ड लागतील, किंवा ६० अंशांऐवजी २०-३० अंशांचे एलईडी.

आणि दिवा भिंगाला चिकटून लावू नका. निदान ३० सेंटीमीटर बाजूला. जवळ असला की प्रत्येक धूलिकण, चिलट, पावसाचा थेंब पांढरा गोळा होऊन फोटोभर पसरतो. पावसाळ्यात धुकं असेल तर अर्धा मीटर लांब ठेवला तरी कमीच.

मोठे ३ वॉटचे एलईडी वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी पाळाव्यात. अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकशिवाय लावू नयेत. आणि जवळून त्यात डोकावू नये: उजेड दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, अंधारात बाहुली मोठी असते, आणि सगळी ऊर्जा डोळ्याच्या पडद्यावर जाते.

आळशी_घुबड
दिवाभीत यांनी दिव्यावर इतकं लिहावं, हे नाव ठेवणाऱ्याला वाटलं नसेल :) ३० सेंटीमीटरचा मुद्दा सोन्यासारखा.

काळी_रीळ
सतत दिव्यापेक्षा फ्लॅश वापरा असं सुचवतो. झेनॉन फ्लॅशमध्ये ८०० ते १००० नॅनोमीटरचा भाग भरपूर असतो. पुढे दिसणारा प्रकाश अडवणारा फिल्टर लावला की अदृश्य फ्लॅश तयार. विकतचा हवा तर ७२० नॅनोमीटरचा, पण त्यातून मंद लाल झगझग दिसते. अदृश्यच हवा तर ८०० च्या वरचा घ्या.

घरगुती उपाय म्हणजे धुतलेली स्लाइड फिल्म, तिचा प्रकाश न पडलेला काळा भाग. कलर निगेटिव्हचं सुरुवातीचं पूर्ण प्रकाश पडून धुतलेलं काळपट टोकही चालतं. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेड अडवत नाहीत. दोन थर लावा. कृष्णधवल फिल्म चालणार नाही, तिच्यात चांदी असते आणि ती इन्फ्रारेडही अडवते.

फिल्म थेट फ्लॅशच्या काचेवर चिकटवू नका, लागोपाठ फ्लॅश मारले की वितळते. ३-४ मिमी अंतर ठेवून पुठ्ठ्याची चौकट करा आणि कडेच्या फटी काळ्या टेपने बुजवा. एका फटीतूनही पांढरा उजेड निसटतो.

फायदा असा की फ्लॅश हजारांश सेकंदात संपतो. सतत दिव्यावर १/८ किंवा १/१५ सेकंद लागतात आणि चालणारं उदमांजर पट्टा होऊन येतं. फ्लॅशने मिशीचा केस न् केस येतो.

सोल्डरवाला
+१. मात्र फोकस लावण्यापुरता एखादा छोटा ८५० चा बोर्ड तरीही लागेल. पूर्ण अंधारात कॉन्ट्रास्ट ऑटोफोकस पुढे-मागे फिरत राहतो आणि सोडून देतो.

मोठा_कॅमेरा
जुना डीएसएलआर घेतला तर? निकॉनचे डी७० किंवा डी४० स्वस्तात मिळतात, सेन्सरही मोठा.

तिसरं_भिंग
दिवसाच्या इन्फ्रारेड लँडस्केपला छान. रात्री नाही. तुमच्या डोळ्यांना व्ह्यूफाइंडरमधून इन्फ्रारेड दिसत नाही, आणि या दोन्हींना लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर बघून फोटो काढायची सोय) नाही. म्हणजे आंधळेपणाने फोटो काढायचे. शिवाय त्यांचा फोकसचा सेन्सर वेगळा असतो, तो स्वतंत्र जुळवावा लागतो. छोट्या कॅमेऱ्यात फोकस खुद्द सेन्सरवरच होतो, हाच त्याचा मोठा गुण.

कंपनीनेच रात्रीची सोय दिलेले कॅमेरेही आहेत. सोनीच्या एफ७०७, एफ७१७, व्ही१ मध्ये नाइटशॉट होतं: बटण दाबलं की फिल्टर बाजूला सरकायचा. असा चालू स्थितीत मिळाला तर उघडाउघडीची गरज नाही. त्यात शटर मुद्दाम मंद ठेवलेलं आहे, म्हणजे दिवसा वापरता येऊ नये. १९९८ मध्ये नाइटशॉटचे व्हिडिओ कॅमेरे आले तेव्हा काही पातळ कपड्यांतून आरपार दिसतं अशी ओरड झाली होती, त्याचा हा परिणाम.

आळशी_घुबड
मग सरळ सीसीटीव्हीचा कॅमेरा का नको? त्यात फिल्टर आपोआप सरकतो, संध्याकाळी टक् असा आवाज येतो तो त्याचाच. दिवे आतच. किंवा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा नोआयआर कॅमेरा, २०१३ पासून मिळतोय, मुळातच बिनफिल्टरचा.

रातवा
पहारा ठेवायचा असेल तर सीसीटीव्हीच घ्यावा. पण झूम, मोठी फाइल, हातात धरून फिरवता येणं आणि हवा तसा फ्लॅश, हे जुन्या कॅमेऱ्यातच मिळतं. आणि तो घरात पडूनच आहे.

स्क्रिप्टवाली
कॅननचा पॉवरशॉट असेल तर सीएचडीके हे जोड-सॉफ्टवेअर नक्की घाला. ए५७० आयएस, ए५९० आयएस, ए४९५ अशा बऱ्याच मॉडेलांवर चालतं. कॅमेऱ्याच्या मूळ सॉफ्टवेअरला धक्का लागत नाही, कार्डावरून चढतं आणि कार्ड काढलं की गेलं. तुमच्या कॅमेऱ्याच्या फर्मवेअरच्या नेमक्या आवृत्तीचीच फाइल हवी. कार्डाची पट्टी 'लॉक'वर सरकवून कार्ड घालायचं, तरच आपोआप सुरू होतं. जुन्या मॉडेलांना ४ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड द्या, मोठ्या कार्डाच्या फॉरमॅटवरून ती सुरू होत नाहीत.

मिळतं काय? रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), ठरावीक वेळाने फोटो, फोकसचं अंतर बांधून ठेवणं, आणि हालचाल झाली की फोटो काढणारी स्क्रिप्ट. शेवटचीसाठी दिवा सतत चालू हवा, कारण ती स्क्रीनवरच्या चित्रावरून हालचाल ओळखते.

सेटिंग: आयएसओ २०० ते ४००, त्यापुढे या सीसीडींवर दाणे फार. झूम करू नका. वाइडला एफ २.६-२.८ असतं, झूमला ५.५ पर्यंत जातं म्हणजे उजेड चौथाई. फोकसला मदत करणारा नारिंगी दिवा मेनूतून बंद करा, आवाज बंद करा, बाकीच्या टिचभर दिव्यांवर काळी टेप. रंग जांभळट येतील. इन्फ्रारेड उजेडात पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स घ्या, नाहीतर सरळ कृष्णधवल करा. ८५० च्या पुढे सेन्सरच्या तिन्ही रंगांच्या चाळण्या सारखाच प्रकाश सोडतात, त्यामुळे रंगांत माहिती उरतच नाही.

रात्रभर चालवायचं तर दोन पेन्सिल सेल पुरत नाहीत. १२ व्होल्टवरून बक कन्व्हर्टरने ३.१ व्होल्ट करून सेलच्या जागी द्या, २ अँपियरची ताकद असलेला. भिंग बाहेर येताना एकदम करंट ओढतं, कन्व्हर्टर दुबळा असला की तिथेच बंद पडतं.

उसाचं_रान
जुन्नरकडे उसात बिबट्याचा वावर आहे. रानाच्या कडेला असा कॅमेरा लावला तर चालेल का? रानडुकरंही बघायची आहेत.

दिवाभीत
स्वतःच्या शेतात, घराच्या बाजूला लावायला तांत्रिक अडचण नाही. डबा बंद हवा, आत सिलिका जेलची पुडी, भिंगापुढे काच असेल तर भिंगाची कडा रबरी गोल चकतीने काचेला टेकलेली. नाहीतर दिव्याचं प्रतिबिंब काचेवरून आत येतं. दिवा डब्याच्या बाहेर.

पण दादा, बिबट्याच्या वाटेवर अंधार पडल्यावर कॅमेरा बघायला जाऊ नका. दिवसाउजेडी लावा, दिवसाउजेडी काढा, आणि दिसला तर वनखात्याला कळवा. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मात्र असा कॅमेरा परवानगीशिवाय लावता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे तिथे छायाचित्रणालाही परवाना लागतो.

चिमटा
शेजाऱ्यांच्या खिडकीकडेही कॅमेऱ्याचं तोंड नको. अंधारात चोरून चित्रण हा गुन्हा आहे, आणि दिवा दिसत नाही म्हणून तो लहान ठरत नाही.

आता रातवा यांच्या मूळ प्रश्नाकडे. काच कुठली? प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मायक्रोस्कोपची स्लाइड मिळते, ७५ गुणिले २५ मिमी, जाडी १ ते १.२ मिमी. इन्फ्रारेड तिच्यातून आरामात जातं. वर ठेवतात ती कव्हरस्लिप ०.१३ ते ०.१९ मिमीची असते, पातळ फिल्टरसाठी ती. पण कव्हरस्लिपा एकावर एक रचून जाडी करू नका, प्रत्येक पृष्ठभागावर चार टक्के प्रकाश उलटतो आणि भुतासारखी दुसरी प्रतिमा येते. अ‍ॅक्रिलिक आणि ओएचपीची शीट नको, जाडी सारखी नसते आणि धूळ ओढतात.

कापायला कार्बाइडची किंवा हिऱ्याची टोकणी. पट्टी धरून एकच रेघ, एकाच दाबाने. दुसऱ्यांदा त्याच रेघेवरून फिरवलं की काच वेडीवाकडी तुटते. रेघेखाली काडी ठेवून दोन्हीकडे हलका दाब दिला की कट् करून सुटते. मोजून ०.२ मिमी लहानच ठेवा. कडा ६०० च्या वॉटर पेपरवर पाण्याखाली घासा, साबणाने धुवा, अल्कोहोलने पुसा, तिरकी धरून धागे-ठिपके बघा. गॉगल आणि हातमोजे घालून करायचं काम आहे.

रातवा
हेच हवं होतं. आता नेमकी अडचण: फिल्टर ०.९ मिमीचा आणि स्लाइड १.१ ची, असं झालं तर? तंतोतंत जाडी मिळणं कठीण आहे.

तिसरं_भिंग
जाड चालेल, पातळ नको. ०.२ मिमी जाड काच म्हणजे प्रतिमा सुमारे ०.०७ मिमी मागे. ते भरून काढायला भिंगाला पुढे जावं लागतं, आणि तिकडे मॅक्रोसाठीचा वाव आहेच. फक्त अगदी जवळचं थोडं गमावाल. इन्फ्रारेड स्वतःही दिसणाऱ्या प्रकाशापेक्षा किंचित मागे फोकस होतं, तीही त्याच दिशेची गोष्ट, तिथेच भरून निघते. पातळ काचेला किंवा मोकळ्या जागेला उलटं: भिंग ज्या दिशेला जाऊ शकत नाही तिकडे जावं लागतं. म्हणून फिल्टरपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी जाड काच सगळ्यात सुरक्षित.

फोकसचे आकडे मात्र बदलतात. स्क्रीनवर ५ मीटर दाखवत असेल तिथे फोकस दुसरीकडेच पडेल. भिंतीवर वर्तमानपत्र लावून २, ४ आणि ८ मीटरवरून, फक्त इन्फ्रारेड दिव्यात, प्रत्येक आकड्याला फोटो काढा आणि कुठल्या अंतराला कुठला आकडा ते डब्यावर लिहून ठेवा.

सोल्डरवाला
जाड काचेत एकच धोका. भिंग आत गेल्यावर मागच्या भिंगांचा गट काचेच्या फार जवळ येतो. टेकला की नळी अडकते आणि लेन्स एरर येऊन कॅमेरा बंद.

चिमटा
ते आधी तपासता येतं. साधी पारदर्शक चिकटपट्टी सुमारे ०.०५ मिमीची असते. जुन्या फिल्टरवर भिंगाच्या बाजूने चार थर लावा, म्हणजे ०.२ मिमी झाले. तो परत जागेवर ठेवून प्लेट बसवा, रिबन जोडा, सेल घालून दोन-तीनदा चालू-बंद करा. कपॅसिटर भरलेला आहे हे लक्षात ठेवून बोटं लांब. मग सेल काढून, कपॅसिटर पुन्हा रिकामा करून, प्लेट उचला आणि वरचा थर उजेडात तिरका धरून बघा. वण उठलेला नसेल तर १.१ ची काच बिनधास्त बसवा. उठला असेल तर स्लाइडच्या त्याच पाकिटातल्या बाकीच्या स्लाइड व्हर्नियरने मोजत जा, एकाच पाकिटात १.० ची निघू शकते.